जावईबापू, चाकू आहे का?

पडद्यांच्या दुकानात त्याला सगळे बघूयाराव म्हणत, आणि हे नाव त्याने स्वकष्टाने कमावलेलं होतं. गिऱ्हाईक आत आलं की खिडकी कुठल्या दिशेला आहे, भिंत कुठल्या रंगाची आहे, घरात मांजर आहे का, एवढं विचारून तो छातीठोकपणे सांगे, "हे कापड हातात घेऊन बघा. डोळे झाकून घ्या." लोक घेत आणि पुढे दुसऱ्या खोलीच्या पडद्यांसाठी त्यालाच शोधत येत. पण हाच माणूस दुपारी "चहा घेणार का?" या प्रश्नालासुद्धा "बघूया" म्हणे. दुसऱ्याच्या खिडकीपुरतं शहाणपण ओतू जाई आणि स्वतःची वेळ आली की घोडं पेंड खाई. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. स्वतःची टर उडवण्यात तो सगळ्यांच्या पुढे असे, कारण कुणीतरी ती उडवणारच, तर निदान आपली आपण नीट उडवावी, असा त्याचा हिशेब होता.

त्याची दुसरी ख्याती नखांची. म्हणजे नसलेल्या नखांची. शाळेत पहिल्या परीक्षेला बसला तेव्हापासून तो नखं खात आला होता, आणि आता डोक्यावरचे केस निम्मे गेले तरी खाणं चालूच होतं. बोटांची टोकं कशी गुबगुबीत, गोल, बाळाच्या पायाच्या अंगठ्यासारखी. लाज वाटे, म्हणून परक्या माणसापुढे तो हात खिशात तरी घाली, नाहीतर मुठी मिटून ठेवी. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण जणू त्याच्यासाठीच जन्माला आली होती.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं रामायण घडलं, ती म्हणजे त्याचे सासरे.

सासऱ्यांना घरात आबा म्हणत. आबांचं आयुष्य एका रोपवाटिकेत गेलं. जंगली गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, हे त्यांचं काम. त्या कामाचा घडीचा चाकू त्यांच्या खिशात कायम असे. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, पातं घासून घासून निम्मं झालेलं. उजव्या अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड आणि पिवळट. ते नख पात्याच्या खाचेत घातलं की टक्‌ असा आवाज होई आणि चाकू उघडे.

लग्न ठरल्यावर बघूयाराव पहिल्यांदा रोपवाटिका बघायला गेला, तेव्हा आबांनी त्याला एक झाड भेट दिलं. झाड काठीला सुतळीने बांधलेलं होतं. आबा म्हणाले, "जावईबापू, चाकू आहे का?" जावईबापूंकडे चाकू नव्हता. पण नव्या सासऱ्यापुढे 'नाही' कसं म्हणायचं? म्हणून त्याने खाली वाकून सुतळी सरळ दातांनी तोडली. दातांचा सराव दांडगा होता, सुतळी एका झटक्यात तुटली. कौतुक होईल असं त्याला वाटलं. आबा त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "जावईबापू, दात जेवायला असतात."

झालं. तेव्हापासून तो खेळच सुरू झाला. भेट झाली की आबा काहीतरी कापायला काढत आणि विचारत, "जावईबापू, चाकू आहे का?" तो म्हणे, "नाही, आबा." मग आबा खिशातून आपला चाकू काढत, टक्‌ असा उघडत आणि म्हणत, "मग हा घ्या." सगळं घर हसे. बघूयारावही हसे, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण परतीच्या वाटेवर त्याला वाटत राही की एकदा, आयुष्यात फक्त एकदा, आपण 'आहे' म्हणावं आणि आबांचा चेहरा बघावा. एवढीशी इच्छा. माणसं घरं बांधायची स्वप्नं बघतात. ह्या गृहस्थाचं स्वप्न खिशात मावेल एवढं होतं, तरी पुरं होत नव्हतं.

मग सासूबाई गेल्या आणि आबा लेकीकडे राहायला आले. सोबत एक पेटी आणि एक कुंडी. कुंडीत त्यांनी निघण्याआधी स्वतः डोळा भरलेला गुलाब होता, पट्टीसकट. कुंडी गॅलरीत ठेवली गेली, आबांची खुर्ची तिच्याशेजारी. आणि बघूयारावाच्या लक्षात आलं की आबा आता विचारत नाहीत.

सफरचंद समोर आलं तर म्हणत, "नको, दातांना झेपत नाही." कडक बिस्किटं मात्र कडाकडा चावून खात. पाकीट फोडायचं असलं तर लेकीच्या हातात देत. चाकू बंडीच्या खिशात होता, आबा तो वरून चाचपताना दिसत, पण बाहेर येत नसे. बघूयारावाने याचा अर्थ लावला तो आपल्या स्वभावाला धरून. आबांनी आपला नाद सोडला, असं त्याला वाटलं. इतकी वर्षं विचारून विचारून दमले आणि आता हा माणूस जन्मात चाकू बाळगणार नाही हे त्यांनी मान्य केलं. चेष्टा होत होती तेव्हा ती टोचायची. बंद झाली तेव्हा त्याहून जास्त टोचली.

"मी चाकू घेणार," त्याने बायकोला जाहीर केलं.

"घ्या की. स्वयंपाकघरात तीन आहेत, त्यातला एक घ्या."

"तसला नाही. चांगला. घडीचा. रोज खिशात ठेवायचा."

आणि मग घोडं पेंड खायला बसलं. रोज जेवण झालं की तो फोनवर चाकूंची माहिती वाची. गंजणारं पोलाद घ्यावं, त्याला धार सुरेख लागते. पण ते पुसून ठेवावं लागतं. न गंजणारं घ्यावं, तर जाणकार नाकं मुरडतात. मूठ लाकडाची असावी की शिंगाची? पातं उघडल्यावर कुलूप लागणारं असावं की नुसत्या कमानीच्या, म्हणजे आतल्या स्प्रिंगच्या, दाबावर थांबणारं? वजन इतकं असावं की आहे हे कळावं, पण पँट खाली ओढली जाऊ नये. पातं चार बोटांहून लांब नको, उगाच कुणी घाबरायला नको. जन्मात एकाही चाकूला धार न लावलेला हा माणूस धार किती अंशांत लावावी यावर बायकोला जेवता जेवता व्याख्यान देऊ लागला.

"अहो," बायको एकदा म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा एका चहात हो म्हणून मोकळे झालात."

"तेव्हा कुठे मी हो म्हणालो? मी 'बघूया' म्हणालो होतो. हो आईने म्हटलं."

"मग चाकूसाठी कुणाला बोलवू?"

शेवटी ती कंटाळली आणि म्हणाली, येत्या सुट्टीला चाकू घरात आला नाही तर फोन गुलाबाच्या कुंडीत पुरेन. तो गेला.

चाकूंचं दुकान चिंचोळं होतं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली एक बाई काचेच्या टेबलामागे बसली होती. तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की वाचलेलं सगळं पुस्तकी ज्ञान धुऊन निघालं.

"काय कापणार?"

बघूयारावाने विचार केला. खरं म्हणजे त्याला काहीच कापायचं नव्हतं. त्याला एका म्हाताऱ्या माणसाला 'आहे' म्हणायचं होतं. पण असं दुकानात सांगता येत नाही. तो म्हणाला, "सगळंच. दोरी, खोकी, फळं..."

बाईने एक काळा चाकू काढला. पात्याला छोटी घुंडी होती, अंगठ्याने ढकलली की एका हाताने पातं बाहेर. "पहिल्यांदा घेताय ना? हा घ्या. सोपा आहे."

पण तो काळा चाकू त्याला मारामारीतला वाटला. त्याची नजर शेजारच्या चाकूवर गेली होती. अक्रोडाची मूठ, टोकांना पितळ, पात्यावर बारीकशी खाच. आबांच्या चाकूचा शहरात शिकलेला नातू वाटावा असा. बाईने तो उघडला आणि काचेवर ठेवला. दिव्याखाली पातं असं काही चमकलं की बघूयारावाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा 'बघूया' आलंच नाही.

"ह्याला खाच आहे," बाई म्हणाली, "नख घालून उघडायचा. कमान कडक आहे जरा. उघडून बघा."

आता इथे शहाण्या माणसाने हात पुढे केला असता. पण समोर परकी बाई, वर लख्ख दिवा, खाली काच. त्याचे दोन्ही हात सवयीने खिशात गेलेले होते ते तिथेच राहिले.

"नको, नको," तो म्हणाला, "छानच आहे."

"नखाचा चालेल ना?"

"चालेल की! त्यात काय!"

दुकानात दुसऱ्यांना 'आधी कापड हातात घेऊन बघा' असं सांगणारा माणूस तो हाच.

घरी येऊन त्याने दार लावलं, चाकू काढला, अंगठा खाचेवर ठेवला आणि ओढलं. बोटाचं मऊ टोक खाचेवरून घसरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. उजव्याने झालं नाही म्हणून डावा लावला, साबणाने हात धुऊन, कोरडे करून, रुमाल धरून ओढलं. चाकू ढिम्म. मग आरशात बघून तो स्वतःलाच म्हणाला, "शाबास. टकल्याने कंगवा घेतलाय, तोही महागातला." शेवटी बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने पातं धरून ओढलं तेव्हा ते उघडलं. चाकू उघडायला चिमटा, मग चिमटा ठेवायला आणखी एक खिसा. नाकापेक्षा मोती जड.

बदलून आणायचा, तर त्या बाईपुढे बोटं उघडी करावी लागणार. त्यापेक्षा चिमटा बरा.

दुकानात बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या माळ्यावर पडदे शिवणारे टेलरमास्तर खाली आले आणि म्हणाले, "ऐकलं की चाकू घेतलात. द्या इकडे, ह्या गठ्ठ्याची पट्टी कापायची आहे." बघूयारावाने चाकू बंदच पुढे केला, आणि कुठून कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "चांगला चाकू नेहमी मिटलेला द्यावा, मास्तर. घेणाऱ्याने उघडावा. तसा रिवाज आहे."

टेलरमास्तरांनी मान डोलावली, नख घातलं, टक्‌ केलं, पट्टी कापली आणि मिटून परत दिला. "ही खरी रीत," ते म्हणाले. पुढच्या काही दिवसांत तो रिवाज दुकानभर झाला. मास्तर आता कात्रीसुद्धा मिटून देत. बघूयाराव अदबीने मान तुकवी आणि मनात म्हणे, वा रे पठ्ठ्या, नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. तू तर त्या वाकड्या अंगणाचा रिवाज केलास.

नखं वाढवायचा प्रयत्नही झाला. औषधाच्या दुकानातून बोटांना लावायचं कडू औषध आणलं. पहिल्या दिवशी तोंड वाकडं झालं, मग सवय झाली, मग त्या कडू चवीची गोडीच लागली आणि नखं आणखी खाली गेली.

पण खरी गोची वेगळीच होती. आबा अजूनही विचारत नव्हते. बघूयाराव मुद्दाम त्यांच्यासमोर खिसा चाचपी. मुद्दाम दोरी बांधलेली खोकी गॅलरीतून नेई. आबा फक्त कुंडीकडे बघत. पट्टीवरून बोट फिरवत आणि हात मांडीवर परत ठेवत. एकदा बायको म्हणाली, "आबा, ती पट्टी काचायला लागलीय ना? भाजीच्या सुरीने काढून देऊ?" आबा खेकसले, "कांद्याच्या सुरीने गुलाब? आणि कात्रीही नको, साल चिमटते. मी काढीन. माझं मी काढीन." पण काढली नाही.

एका दुपारी दुकानातली वीज गेली आणि मालकाने सगळ्यांना लवकर सोडलं. बघूयाराव घरी आला तेव्हा बायको बाहेर गेलेली होती. गॅलरीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो गेला तर आबा खुर्चीत पुढे वाकलेले, कुंडी पायांशी, आणि काळ्या मुठीचा चाकू फरशीवर. मिटलेला. पट्टीच्या वर आणि खाली खोड फुगलं होतं, मधे करकचून आवळलेलं. वरचा कोवळा फुटवा मलूल पडला होता.

त्याने चाकू उचलून आबांच्या हातात दिला.

"निसटला," आबा म्हणाले.

त्यांनी अंगठ्याचं नख खाचेत घातलं. हात थरथरत होता. नख खाचेत नीट बसलं, पण चाकू धरलेला डावा हात तो धरूनच ठेवेना, आणि उजव्या अंगठ्यात ओढ येईना. पुन्हा निसटला. बघूयारावाने दुसरीकडे बघितलं. आणि तेव्हा त्याच्या लख्ख डोक्यात प्रकाश पडला. आबा विचारत नव्हते, कारण विचारल्यावर पुढे 'मग हा घ्या' म्हणावं लागतं, आणि चाकू टक्‌ करून उघडावा लागतो. इतके दिवस ह्या सगळ्याचा केंद्रबिंदू आपण आहोत असं तो समजून बसला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने अंगठा तोंडात घातला.

मग आबा कुंडीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, चाकू आहे का?"

"आहे!" तो जवळजवळ ओरडला. शेजारच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. त्याने खिशातून चाकू काढला आणि रिवाजाप्रमाणे मिटलेला पुढे धरला.

आबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला तो आयुष्यभर थांबला होता. त्यांनी चाकू घेतला, तळहातावर तोलला, पितळेवरून बोट फिरवलं. "अक्रोड आहे," ते म्हणाले. "फट कुठे नाही. चांगला निवडलात हो." आणि परत त्याच्या हातात दिला. "उघडा."

"तुम्ही उघडा ना, आबा. चांगला चाकू मिटलेला द्यावा आणि घेणाऱ्याने..."

"आता तुम्ही घेतलाय. उघडा."

स्वतःच्याच रिवाजात माणूस असा अडकतो. त्याने अंगठा खाचेवर ठेवला, ओढला, घसरला. पुन्हा घसरला. आबांनी त्याचं मनगट धरलं आणि बोटं उजेडात फिरवून बघितली.

"नखं कुठायत?"

"खाल्ली."

"सगळी?"

"सगळी, आबा."

"आणि हा चाकू कशाने उघडता?"

"हिच्या चिमट्याने."

आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळ्यांतून पाणी. तोही हसायला लागला. "आणि दुकानात?" "दुकानात टेलरमास्तर उघडतात." हे ऐकून आबांना पुन्हा उबळ आली. मग डोळे पुसून त्यांनी आपला थरथरता हात त्याच्यासमोर धरला. लपवलेला हात त्यांनी कुणाला दाखवला तो हा पहिल्यांदाच.

"माझं बघा," ते म्हणाले. "नख आहे, पण जोर गेला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. धरा तुम्ही. घट्ट धरा."

त्याने मुठीत चाकू धरला. आबांनी ते जाड पिवळं नख खाचेत घातलं. "आता माझा अंगठा धरून ओढा. घाबरू नका, तुटायचा नाही." त्याने एका हाताने चाकू धरला, दुसऱ्याने म्हाताऱ्याचा अंगठा, आणि ओढलं.

टक्‌.

मग आबांनी बोटाने दाखवलं आणि त्याने कापलं. "खोडाच्या मागून. डोळा पुढे आहे ना, म्हणून मागून. नुसतं टेकवा, चाकूला काम करू द्या." पट्टी सुटून खाली पडली. खोडावर पांढरा वण राहिला होता. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जगेल."

बायको परत आली तेव्हा दोघं दोन्ही चाकू उघडून सफरचंद खात बसले होते. सालीचे तुकडे तुकडे गॅलरीभर. तिला सगळी हकीकत कळल्यावर ती म्हणाली, "अहो, मग बदलून आणा ना. तो घुंडीवाला मिळतो, एका हाताने उघडतो."

त्याने विचारसुद्धा केला नाही. "नको," म्हणाला. ती त्याच्याकडे बघतच राहिली, कारण लग्न झाल्यापासून इतक्या चटकन उत्तर तिला मिळालं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी तो दुकानातून आला की गॅलरीतून हाक येई, तो 'आहे' म्हणे, आणि दोघं मिळून चाकू उघडत. कापायला काही नसलं तर कागद कापत. कुंडीतल्या फुटव्याला पानं आली. आबांचा हात आणखी थरथरू लागला, पण नख तसंच होतं, आणि ते आपल्या लेकीला अभिमानाने सांगत, "माझ्यावाचून यांचं अडतं."

एक दिवस तोंड धुताना बघूयारावाच्या सहज लक्षात आलं की उजव्या अंगठ्याला नख आलंय. केव्हा आलं त्यालाही कळलं नव्हतं. नख खायचंच तो विसरला होता. चांगलं, पांढऱ्या कडेचं नख. त्याने दार लावलं, चाकू काढला, नख खाचेत घातलं आणि ओढलं. टक्‌. एकट्याने, पहिल्या झटक्यात. किती वेळ तो त्या उघड्या पात्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने चाकू मिटला.

"जावईबापू," गॅलरीतून हाक आली, "चाकू आहे का?"

त्याने अंगठ्याकडे बघितलं. दात जेवायला असतात, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याने अंगठा तोंडात घातला, नख कडेकडेने नीट कुरतडून टाकलं, तोंड पुसलं आणि बाहेर आला.

"आहे, आबा," तो म्हणाला. "पण उघडत नाहीये हो."